फटफटीवरची सेवा आणि तिचा हिशेब

पोळा आणि गोटमार उरकून हिवाळ्याची चाहूल लागली, संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला, की आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या रस्त्यांवर अलीकडे एक नवी वर्दळ सुरू होते. शनिवारी पहाटे नागपूरहून मोटारसायकलींचे तांडे निघतात. सावनेरला त्यांच्या वाटा फुटतात. एक तांडा पांढुर्ण्यावरून मुलताई, बैतूल करीत भोपाळच्या दिशेने जातो. दुसरा सौंसरला येतो, सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा व तामिया गाठतो आणि पाताळकोटाच्या कड्यावर जाऊन थांबतो. गुडघ्यांना ढोपरकवच, अंगात जाड जाकीट, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे झेंडा. येथवर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु या झेंड्याशेजारी आता एक फलकही दिसू लागला आहे. त्यावर कधी कर्करोगाविरुद्धचा लढा असतो, कधी मुलींचे शिक्षण, कधी रस्ता-सुरक्षा. म्हणजे हा प्रवास आता केवळ प्रवास उरलेला नाही. ती सेवा झाली आहे.

आमचा आक्षेप या फलकाला आहे, आणि तो जाहीरपणे मांडण्याचे कारणही तसेच घडले आहे. आपल्याच घरांतील, म्हणजे या पत्रिकेच्या वाचकांच्याच घरांतील, काही तरुणांनी नागपूर ते भोपाळ अशी एक ‘सेवा-सफर’ योजिली असून तिला आपल्या मंडळाचे नाव, मुक्कामाच्या दिवशी सभागृह आणि इंधनखर्चास मंडळाच्या निधीतून काही हातभार मिळावा, असा विनंतीअर्ज आला आहे. अर्ज नीटनेटका आहे. मुले पुण्या-बंगळुरास चांगल्या पदांवर आहेत, दिवाळीला गावी येतात, आणि गावासाठी काही करावे असे त्यांना वाटते, हे आम्ही कमी मानीत नाही. कार्यकारिणीतील बहुतेकांनी कौतुकाने माना डोलावल्या. आम्ही विरोध नोंदविला, तेव्हा एका स्नेह्यांनी हसत म्हटले की निवृत्तांना तरुणांचा वेग सोसत नाही. वेगाचा येथे काही संबंध नाही. निधी पूर्वजांनी ग्रंथालयासाठी ठेवलेला आहे, जुन्या पुस्तकांची बांधणी तीन वर्षांपासून खोळंबलेली आहे, आणि त्या निधीतून पेट्रोल भरावे की नाही, असा हा साधा प्रश्न आहे. साधा असला तरी तो आम्हाला बराच लांब घेऊन गेला.

प्रथम प्रवासाविषयी. प्रवासाशी आमचे वैर असण्याचे कारण नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून या दोन तालुक्यांतील मराठी माणसाचे अर्धे आयुष्य नागपूरच्या रस्त्यावर जाते. इस्पितळ तिकडे, कॉलेज तिकडे, सोयरीक तिकडे. आणि खजिना, कचेरी, दरबार भोपाळकडे. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी दारात आली, तरी रस्ता काही सुटला नाही. आमच्याकडे मोटारसायकलीला अजूनही फटफटी म्हणणारी माणसे आहेत, आणि दूरच्या प्रवासाचा मक्ता काही जाकीटवाल्यांकडे नाही. दुधाच्या चरव्या लटकवून पहाटे निघणारा गवळी, कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार फिरणारा फेरीवाला, मुलीला परीक्षेसाठी नागपूरला सोडून त्याच दिवशी परतणारा बाप, यांचे वर्षाचे किलोमीटर कोणी मोजत नाही. त्यांच्या गाडीवर फलकही नसतो.

ज्याला हौसेने फिरायचे त्याने जरूर फिरावे. आमच्या वाङ्मयात तर प्रवासवर्णनाचा एक मोठा मानदंडच या मध्य हिंदुस्थानच्या रस्त्यांवर घडला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले, ते कशासाठी? बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरचे कर्ज फिटेल, यासाठी. आणि त्यांनी ते सरळ लिहून ठेवले. १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापून निघाला, त्याला आज शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या पुस्तकाचा गोडवा बऱ्याच अंशी या सरळपणात आहे. भटजींनी आपल्या दक्षिणेच्या ओढीला देशसेवेचे नाव दिले असते, तर ते पुस्तक आज कोणी वाचले असते काय?

आजच्या स्वारांचा ओढा लडाखकडे असतो. तेथील खारदुंग ला या खिंडीत एक पाटी अनेक वर्षे उभी होती. तिच्यावर उंची १८,३८० फूट लिहिलेली. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर भरते. आठशे फुटांची ही भर ठाऊक झाल्यावरही लोक पाटीशेजारीच छायाचित्र काढीत राहिले. खिंड चढून जाण्याचा पराक्रम आठशे फुटांनी कमी होत नाही, दम तेवढाच लागतो. तरीही पाटी लागते. सेवेचा फलक ही आम्हाला याच जातीची भर वाटते. सहल उत्तम आहे. तिला वरचे आठशे फूट कशाला?

आता ही ‘चॅरिटी राइड’ मुळात आहे काय, ते पाहू. कारण आपल्याकडे ती अर्धीच आली आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे मार्क हावा यांनी ‘डिस्टिंग्विश्ड जेंटलमन्स राइड’ सुरू केली. कोट-टाय घालून जुन्या घाटाच्या मोटारसायकली चालवायच्या, असा तो प्रकार. आता तो जगातील अनेक शहरांत, भारतातही, दरवर्षी होतो. दिसायला ती हौसच आहे, काहीशी गमतीची. परंतु तिचा कणा निराळा आहे. प्रत्येक स्वार आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या गोळा करतो, कोणी किती जमविले ते सर्वांना पाहता येते, आणि पैसा पुरुषांमधील प्रोस्टेट कर्करोगाचे संशोधन व मानसिक आरोग्य या ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या संस्थेकडे जातो. स्वार गाडी स्वतःच्या खर्चाने चालवितो. म्हणजे गाडी हे निमित्त, वही हे काम. आपल्याकडे गाडी आली, कोट आला, छायाचित्र आले. वही मात्र सिडनीलाच राहिली.

शासनाच्या सेवेत हिंदीतून टिपण्या लिहिण्यात आमची हयात गेली, तेव्हा वही पाहण्याची खोड जात नाही. म्हणून एक अंदाजपत्रक मांडतो. आकडे आमचे गृहीत आहेत, कोणत्याही एका सफरीचे नव्हेत. ज्याला पटणार नाहीत त्याने आपले घालून पाहावेत. पंचवीस गाड्या धरू. नागपूर-भोपाळ जाऊन-येऊन सुमारे ७०० किलोमीटर. जड गाडी लिटरला ३० किलोमीटर देते असे मानले, तर एका गाडीस साधारण २३ लिटर, पंचवीस गाड्यांस सुमारे ५८० लिटर. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. शंभरच धरला तरी ५८,००० रुपये. एका रात्रीचा मुक्काम, जेवण, सदरा, फलक मिळून माणशी दीड हजार धरले, तर आणखी ३७,५००. एकंदर पंचाण्णव हजारांच्या वर. आता दुसरी बाजू. वाटेत एका शाळेत शंभर मुलांना वह्या, कंपासपेटी, बिस्किटांचा पुडा; मुलामागे दीडशे रुपये, म्हणजे १५,०००. एक रुपया मुलाच्या हातात पडावा म्हणून सहा रुपयांचा धूर झाला. सरकारी योजनेत असे प्रमाण आढळले असते, तर आमच्यासारख्या कारकुनांचे काय झाले असते ते सांगावयास नको. आणि हीच पंचवीस माणसे घरी बसून माणशी दोन हजार पाठविती, तर तीनशेहून अधिक मुलांना तेच साहित्य मिळाले असते.

यावर उत्तर ठरलेले आहे : पेट्रोल आम्ही आमच्या खिशातून भरतो. मान्य. स्वतःच्या पैशाने केलेल्या सहलीचा हिशेब कोणी मागू नये, आम्हीही मागणार नाही. मग वाटपाला वाटप म्हणावे, सहलीला सहल म्हणावे, आणि इंधनाचा अर्ज मंडळाकडे पाठवू नये.

पण पैशापेक्षा आम्हाला खुपते ते दुसरेच. सौंसर भागातील एका शाळेत असे वाटप आम्ही पाहिले आहे. स्वार दहाला यावयाचे होते, बाराला आले. सुट्टीचा दिवस, तरी गुरुजींनी मुलांना सकाळपासून गणवेशात बोलावून रांगेत बसविले होते. गाड्या आल्या, मुले हरखली. कोणत्याही मुलाला फटफटीचा आवाज आवडतोच. मग प्रत्येक मुलाला उठवून, वही हातात देऊन, वही देणारा आणि घेणारा दोघे यंत्राकडे पाहतील असे उभे करून छायाचित्रे झाली. एका मुलीने वही घेऊन लगेच चालायला सुरुवात केली, तर तिला परत बोलावून पुन्हा वही देण्यात आली. चाळीस मिनिटांत सारे आटोपले. त्या शाळेला कशाची गरज आहे, हे येण्यापूर्वी कोणी विचारले होते काय, असे आम्ही गुरुजींना विचारले. ते नुसते हसले. वह्या तर शाळेत आधीच्या वाटपाच्याही शिल्लक होत्या. पावसाळ्यात गळणारे छप्पर मात्र मोटारसायकलीच्या पेटीत मावणारे नसते.

पाताळकोटाची गोष्ट याहून वाईट. तेथील भारिया ही शासनाने विशेष दुर्बल म्हणून नोंदलेली जमात. खोल दरीतील ही वस्ती शहरी माणसाला अद्भुत वाटते, आणि अद्भुताकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून तो घरातील जुने कपडे घेऊन जातो. उसवलेला कोट, आखूड झालेली जीन्स, लग्नात आहेर आलेली आणि कोणी न नेसलेली पॉलिस्टरची साडी. देणाऱ्याच्या कपाटातील अडगळ घेणाऱ्याच्या दारात जाऊन पडते. भारियांना वनौषधींची जाण आहे, शेती आहे, जंगलावरचे हक्क आहेत, त्या हक्कांच्या नस्त्या कोठे तरी अडलेल्याही असतील. त्या नस्तीचा पाठपुरावा करणारा एक सुशिक्षित माणूस त्यांना शंभर कोटांपेक्षा उपयोगी पडेल. पण नस्तीबरोबर छायाचित्र चांगले येत नाही.

कोणी म्हणेल, तुम्हाला दातृत्वच पाहवत नाही. आम्ही ज्या परिसरात वाढलो तेथे दातृत्वाची मापे जरा कडक आहेत, एवढेच. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या शेजारचेच. गावात आले की प्रथम हातातला खराटा चालायचा, आणि गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःजवळ बाबांनी खापर ठेवले. आणि चाकांवरचीच यात्रा हवी असेल, तर तीही आपल्याच विदर्भातली आहे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभर तरुण आणि सोळा तरुणी सायकलींवर थेट काश्मीरपर्यंत गेले. सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या व्याधीमुळे बसू शकत नव्हते, तरी बरोबर होते. १९८८ मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून ओखापर्यंत झाली. त्या काळी पंजाब पेटलेला होता, आणि अशा देशातून सायकलीने जाणे हाच त्या यात्रेचा मजकूर होता. तिच्यामागे आनंदवनातील पस्तीस वर्षांचे काम उभे होते, हे विसरून कसे चालेल? आधी काम झाले, मग चाके फिरली.

आता आम्ही ज्यासाठी लेखणी उचलली त्या गोष्टीकडे येतो. मोटारसायकलस्वाराला सेवा करावयाची असेल, तर ती त्याच्या बुडाखालीच आहे, रस्त्यावर आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. ज्यांनी हेल्मेट घातले नव्हते अशा मृतांची संख्या ५०,०२९. हे आकडे वाचून मनात काही उमटत नाही, कारण ते फार मोठे आहेत. म्हणून आपलाच रस्ता घ्या. या भागातील किती घरांत भिंतीवर हार घातलेले पंचविशीतले छायाचित्र आहे, ते वाचकांनी आपल्या गल्लीपुरते आठवून पाहावे. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर. डोक्याला मार लागलेल्या माणसाला ‘मेडिकल’ला न्यायचे म्हणजे पहिला तास, ज्याला डॉक्टर एवढे महत्त्व देतात तो, वाटेतच संपतो. सौंसरहून अंतर थोडे कमी, पण सिल्लेवानीच्या घाटात पडलेला माणूस आधी घाट उतरून तर यायला हवा.

आणि हे अपघात होतात कसे? तोडणीच्या दिवसांत संत्र्याने भरलेली ट्रॉली, कापसाची बैलबंडी संध्याकाळी बागेतून, शेतातून निघते आणि अंधार पडल्यावर पक्क्या रस्त्याला लागते. मागे दिवा नाही. बैलांना दिवा नसतो आणि ट्रॉलीचा असला तरी फुटलेला असतो. मागून येणाऱ्याच्या झोतात ती दिसते तेव्हा हातात काही उरलेले नसते. दोन वीत लांबीची लाल चमकणारी पट्टी बंडीच्या मागच्या फळीला लावली, तर ती दुरून दिसते. तिचा खर्च एका वहीपेक्षा फारसा जास्त नाही. ही गरज मोटारसायकलस्वाराइतकी दुसऱ्या कोणास कळेल? अंधारात अचानक समोर आलेल्या बंडीने त्याच्याही छातीत कधी तरी धस्स झालेले असतेच. पण शेकडो किलोमीटर या रस्त्यांवरून गेलेल्या सेवा-सफरींपैकी एकीनेही आमच्या माहितीत एका बंडीला एक पट्टी लावली नाही. उलट रस्ता-सुरक्षेचा फलक लावलेल्या एका फेरीत मागे बसलेल्या निम्म्या मंडळींची डोकी उघडी होती, आणि सायलेन्सर असे बदललेले की इस्पितळाच्या दारातून जाताना खिडक्यांची तावदाने वाजली.

अपघात पाहून पुढे निघून जाण्याची आपल्या समाजाची जुनी सवय आहे. पोलीस विचारतील, साक्षीला खेटे घालावे लागतील, ही भीती. ती भीती खोटी नव्हती. पण सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर आता दिवाणी वा फौजदारी बालंट येऊ शकत नाही, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मदत करणाऱ्यास केंद्राचे बक्षीस २०२१ मध्ये ५,००० रुपये होते, ते २०२५ मध्ये २५,००० झाले. त्याच वर्षी जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकड न भरता उपचार मिळण्याची योजना अधिसूचित झाली. हे सौंसरच्या बसस्थानकावरील किती जणांना ठाऊक आहे? ढाब्यावरच्या पोऱ्याला, पंक्चर काढणाऱ्याला, संत्र्याच्या गाड्या भरणाऱ्या हमालाला? अपघातस्थळी पहिला पोचणारा माणूस हाच असतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके कसे दाबून धरावे, मान न हलवता दोघांनी मिळून हेल्मेट कसे काढावे, हे त्याला कोणी दाखविले, तर नागपूरचे शंभर किलोमीटर कमी होणार नाहीत, पण त्या रस्त्यावर निघालेला माणूस जिवंत पोचण्याची शक्यता वाढेल. हे दाखवायला माणूस गावोगाव फिरणारा हवा, रस्त्यावर थांबणारा हवा, तरुण हवा. फटफटीवाला या कामासाठीच जणू घडविलेला आहे.

म्हणून अर्जदार तरुणांविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही, अर्जाविरुद्ध आहे. त्यांनी भोपाळचा बेत सोडावा असेही आम्ही म्हणत नाही. तो स्वखर्चाने, मंडळाच्या नावाशिवाय करावा, आणि परतल्यावर प्रवासाचा लेख या पत्रिकेस द्यावा. संपादक तो आनंदाने छापतील. मंडळाचे नाव हवे असेल, तर सावनेरपासून पांढुर्ण्यापर्यंत आणि सौंसरपासून सिल्लेवानीपर्यंतच्या ढाब्यांवर, बाजाराच्या दिवशी, डॉक्टरांना बरोबर घेऊन वर्षातून चार वेळा जावे. दिवाळीत एकदा नव्हे. जामसावळीला पायी जाणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांनाही पट्ट्या लावाव्यात, ती माणसे पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालतात. छायाचित्रे काढू नयेत असे नाही, पण पट्टीचे काढावे, शेतकऱ्याच्या तोंडाचे नव्हे. आणि प्रत्येक फेरीनंतर जमा-खर्च मंडळाच्या फलकावर लावावा, पेट्रोलसकट.

ग्रंथालयाच्या निधीला मात्र यासाठीही हात लागू नये. पुस्तके आधी बांधून व्हावीत. पट्ट्यांसाठी वेगळी वर्गणी काढता येईल. आगामी सभेत हा विषय चर्चेला येणार आहे, आणि ‘तुम्ही स्वतः काय देता’ असे कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून येथेच नमूद करतो : पहिल्या शंभर पट्ट्यांची रक्कम आम्ही कोषाध्यक्षांकडे भरली असून पावती घेतली आहे. आंबियाच्या गाड्या रात्री निघू लागण्यापूर्वी त्या लागाव्यात, एवढी विनंती. बंडीवर पट्टी ठोकायला दोन माणसे लागतात. आमच्याजवळ हातोडी आहे, दुसरा माणूस फटफटी घेऊन आला तरी चालेल.